‘मानसोपचारतज्ज्ञ’ अशी पाटी दिसली तरी आत कोण बसलंय ते विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ २४ वर्षांचा, पवईला नोकरी होती ती दिवाळीनंतर सोडली, तेव्हापासून खोलीतच असतो, अर्धं जेवतो, आंघोळीला पण सांगावं लागतं. ठाण्याला एका काउन्सेलर मॅडमकडे नेलंत, त्यांनी मोबाइलवर एक फॉर्म भरून घेतला आणि चाळीस मिनिटांत चिठ्ठीवर ‘बायपोलर’ लिहून दिलं, म्हणजे कधी अति तेजी तर कधी खोल उदासी असा आजार. मामा म्हणतात वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंत तर आयुष्यभर गोळ्या लागतील. आणि तुम्ही विचारताय की सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, थेरपिस्ट यात नक्की फरक काय आणि असं निदान लिहून द्यायचा अधिकार कोणाला.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत गेली आणि आता दादरला स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. म्हणजे मी निदान करणाऱ्यांतली आहे पण गोळी लिहू शकणाऱ्यांतली नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चार जणांना शेवटपर्यंत वाटत असतं की मॅडम उगाच गोळ्या द्यायचं टाळतायत.

घोळाची सुरुवात आपल्या मराठीतच होते बघा. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द पेपरवाले सायकियाट्रिस्टला पण लावतात आणि सायकॉलॉजिस्टला पण, आणि पाटी रंगवणाऱ्याला काय, त्याला सांगाल ते तो रंगवणार. नीट शब्द वापरायचा तर एमबीबीएस करून पुढे सायकियाट्री केलेला तो मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्र शिकलेला तो मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशन करणारा तो समुपदेशक. त्यात पुन्हा नावाआधी ‘डॉ.’ लावलं की लोक पाया पडायचेच बाकी राहतात. ते डॉ. पीएचडीचं असू शकतं, होमिओपॅथीचं असू शकतं, काहीही असू शकतं. पीएचडी केलेल्या माणसाला डॉक्टर लावायचा पूर्ण हक्क आहे, फक्त त्याने क्रोसिन पण लिहून द्यायची नसते.

सायकियाट्रिस्ट म्हणजे आधी साडेपाच वर्षं एमबीबीएस, इंटर्नशिप धरून, मग तीन वर्षं एमडी सायकियाट्री किंवा त्याच तोडीचं डीएनबी, किंवा दोन वर्षांचा डीपीएम डिप्लोमा. म्हणजे त्याने बाळंतपणं पण केलेली असतात आणि कॅज्युअल्टीत टाके पण घातलेले असतात. हे का सांगते, तर मनाचा आजार दिसतोय तो खरंच मनाचाच आहे का शरीराचा, हे बघायला आधी शरीर कळावं लागतं. रक्ताच्या टेस्ट, गोळ्या, गरज पडली तर ॲडमिशन हे सगळं त्याच्या हातात. रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं, आणि नंबर लेटरहेडवर असतो, नसला तर मागायचा, लाजायचं काही नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे आजवर तरी मानसशास्त्रात एमए आणि त्यावर दोन वर्षांचं फुल टाइम एमफिल, ज्यात वर्गापेक्षा वॉर्डात जास्त वेळ जातो आणि प्रत्येक केस सिनियरसमोर मांडून शिव्या खाव्या लागतात. नोंदणी आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, १९९२ च्या कायद्याने झालेली. त्यांचा नंबर सीआरआर म्हणून असतो आणि नोंदणी त्यांच्या साइटवर तपासता येते. सायडी नावाचा डॉक्टरेटचा कोर्स पण आहे, आणि एक वर्षाचा डिप्लोमा पण, पण डिप्लोमावाल्याने सिनियरच्या देखरेखीत काम करणं अपेक्षित असतं. आम्ही मुलाखत घेतो, टेस्ट करतो, निदान करतो, रिपोर्ट लिहितो, थेरपी करतो. गोळी लिहीत नाही आणि ‘ही बंद करा’ असं पण सांगत नाही, आणि हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. कारण गोळी सुरू कर सांगणारे कमी भेटतात, बंद कर सांगणारे गल्लोगल्ली.

सायकियाट्रिक सोशल वर्कर हा माणूस लोकांना माहीतच नसतो आणि मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत तोच निम्मं ओझं ओढतो. समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू आणि त्यावर आजवर तरी एमफिल. घरी कोण कमावतं, दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण कसे झोपतात, पेशंट गोळ्या खरंच घेतो का गॅलरीतून खाली टाकतो, हे त्याला कळलेलं असतं आणि आम्हाला नाही. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक नर्स आणि हा सोशल वर्कर असे तिघेही आहेत, राज्याच्या मेंटल हेल्थ ऑथॉरिटीकडे नोंदणी झाली की मेंटल हेल्थ प्रोफेशनल धरतात. आयुषमधले पण येतात, पण सगळे वैद्य आणि होमिओपॅथ नाहीत हं, ज्यांनी त्या-त्या शाखेत मानसरोग घेऊन पीजी केलंय तेवढेच.

आता काउन्सेलर. इथे मला दोन्हीकडून मार पडणार आहे पण बोलते. चांगला काउन्सेलर म्हणजे सोन्यासारखा माणूस. नवरा-बायकोची कटकट, दहावीची भीती, घरात कोणी गेलंय, नोकरी गेलीय, यात माझ्यापेक्षा सरस काम करणारे काउन्सेलर मी बघितलेत. मानसशास्त्रात एमए करून काउन्सेलिंगचं नीट ट्रेनिंग घेतलेले खूप आहेत. पण ‘काउन्सेलर’, ‘थेरपिस्ट’, ‘कोच’ या शब्दांना आजवर दारावर वॉचमन नव्हता. तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पण पाटी लागते आणि शनिवार-रविवारच्या वर्कशॉपवर पण. २०२१ ला अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा झाला, त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट येतात. पण कायदा झाला म्हणून गल्लीतल्या पाट्या बदलत नाहीत, त्यामुळे शिक्षण काय आणि कुठे केलं हे आपणच विचारायचं. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे फी भरू नका.

बरं, मग निदान कोण करू शकतं? मी उलटा प्रश्न विचारते, निदान हवंय कशासाठी? कारण सही कोणाची चालेल ते त्यावर ठरतं. उपचार सुरू करायचे असतील तर सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. साध्या केसमध्ये तुमचे फॅमिली डॉक्टर पण करू शकतात, आणि मुंबईत कित्येकांची डिप्रेशनची पहिली गोळी फॅमिली डॉक्टरच सुरू करतात, त्यात चूक काही नाही. मेडिक्लेमसाठी मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा असं २०१७ चा तो कायदा म्हणतो, पण कंपनी कागद मागते तो डॉक्टरचा आणि हॉस्पिटलचा. शाळेत दहावीला जादा वेळ हवा म्हणून लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट हवं असेल तर ते एकट्या माझ्या सहीने होत नाही, बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर असे मिळून बघतात आणि कागद ठरलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलातून निघतो. माझ्याकडे दर फेब्रुवारीत पालक येतात, मॅडम परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, प्लीज. काय करू मी? आणि माणसाला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचं असेल तर दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक सायकियाट्रिस्टच हवा, आणि तो मुक्काम पण पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस दिवसांचा. मामांनी सह्या केल्या आणि गाडी आली असं चालत नाही.

२०१७ च्या याच मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये एक कलम आहे जे मी घराघरात चिकटवलं असतं. कोणी समाजाच्या चालीरीती मानत नाही, घरच्यांच्या मनासारखं वागत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येत नाही. मुलीला दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत पडला म्हणून तिला माझ्यासमोर आणून बसवणारे आईबाप मी दर वर्षी बघते, आणि तिचं निदान काय तर ती प्रेमात आहे. तसंच बांद्र्याच्या फॅमिली कोर्टात लावायला बायकोचं सर्टिफिकेट मागणारे नवरे. तिला एकदाही न भेटता, नुसतं त्यांच्याकडून ऐकून मी ‘सायको’ असं लिहून द्यावं. समोर बसल्याशिवाय निदान नाही, मग डिग्री कुठलीही असो.

आता ती चाळीस मिनिटं आणि मोबाइलवरचा फॉर्म. फॉर्म वाईट नाही हो. पीएचक्यू-नाइन म्हणून डिप्रेशनच्या लक्षणांवरच्या नऊ प्रश्नांचा एक आहे, मी पण वापरते. पण तो चाळणी आहे, तराजू नाही. दहा किंवा जास्त मार्क आले तर नीट बघा एवढंच तो सांगतो. डेंग्यूतून नुकता उठलेला माणूस पण त्यात भरपूर मार्क मिळवेल, झोप नाही, भूक नाही, अंगात ताकद नाही, सगळ्याला हो.

खरं निदान कसं होतं ते तुमच्याच भावावरून दाखवते, न बघता निदान करणार नाही म्हटलंय ते पाळून. तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, ‘गणपतीत मात्र एकदम मस्त होता, मंडळात रात्र-रात्र जागायचा, सगळी डेकोरेशनची जबाबदारी त्याच्यावर.’ मला वाटतं काउन्सेलर मॅडमनी हेच पकडलं असणार. आधी खूप उत्साह, आता खूप उदास, झालं बायपोलर. आता बघा, लालबाग-परळपासून घाटकोपरपर्यंत गणपतीत दहा दिवस झोपतं कोण? चोवीस वर्षांचा पोरगा मंडळात जागला हे लक्षण नाही, ती मुंबई आहे. माझा प्रश्न विसर्जनानंतरचा असेल. दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं दुपारी तीनपर्यंत घोरत पडली तेव्हा हा काय करत होता? हा पण झोपला असेल तर विषय वेगळा. पण पुढचे सात-आठ दिवस तीन तास झोपून टवटवीत, पुढच्या वर्षीच्या देखाव्याचे प्लॅन रात्री दोनला लोकांना फोन करून सांगतोय, खिशात नसलेले पैसे उधार घेऊन खर्च करतोय, एरवी शांत असणारा पोरगा ट्रेनमध्ये अनोळखी माणसांशी भांडतोय, आणि हे मित्रांना पण विचित्र वाटलं, तर मग मी वहीत अधोरेखित करेन. झोप मिळाली नाही आणि झोपेची गरजच वाटली नाही या दोन गोष्टी वेगळ्या, आणि बायपोलरच्या निदानात निम्मा खेळ तिथे आहे. किमान किती दिवस टिकलं त्याला पण नियम आहे, सौम्य प्रकाराला सलग चार दिवस, मोठ्याला आठवडा. डिप्रेशनला दोन आठवडे. एका संध्याकाळच्या मूडवर काही ठरत नाही.

हे मला कोण सांगणार? तो स्वतः सांगणार नाही कारण त्याला ते दिवस छान वाटले होते. तुम्ही सांगाल, मंडळातला मित्र सांगेल. म्हणून पहिल्या व्हिजिटला घरचं माणूस लागतं, आणि म्हणून माझी पहिली भेट दीड तासाची असते आणि तरी बरेचदा मी शेवटी ‘अजून एकदा बघू’ म्हणते, लोक नाराज होतात. आणखी विचारणार घरात कोणाला असं होतं का, आजोबांचा भाऊ घर सोडून गेला होता वगैरे गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही. दारू, गांजा. गांजा तर नक्की विचारायचा, चोवीसच्या पोराला बहिणीला बाहेर बसवून विचारायचा. आणि स्वतःचं काही बरंवाईट करायचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं.

निदान चुकलं तर काय होतं ते पण सांगते, कारण मामांना वाटतं नाव काय, काही पण ठेवा. बायपोलर असताना नुसतं डिप्रेशन समजून नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर माणूस उलटा तेजीत जाऊ शकतो. आणि डिप्रेशनच असताना बायपोलर म्हटलं तर जी औषधं सुरू होतात त्यातल्या काहींना दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, लिथियम त्यातलंच. म्हणजे चिठ्ठीवरच्या त्या एका शब्दाला वजन आहे.

माझी स्वतःची एक चूक सांगते. ओपीडीतली माझी तिसरी-चौथी वर्षं असतील. एक बाई यायच्या, पंचेचाळीसच्या आसपास, मुलगा लग्न करून वेगळा राहायला गेला आणि तेव्हापासून उदास, कशात लक्ष नाही, दिवसभर पडून, वजन वाढलेलं. गोष्ट इतकी नीट बसत होती की मी तीन सेशन मुलावरच बोलत बसले. चौथ्या वेळेला मे महिना, डोक्यावर पंखा गरगरतोय, मी घामाने भिजलेली आणि त्या बाई अंगाभोवती शाल घेऊन बसल्यायत. म्हणाल्या, थंडी वाजते हो हल्ली. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांचा घोगरा झालेला आवाज ऐकला आणि सुजलेल्या पापण्या बघितल्या. शेजारच्या खोलीतल्या सायकियाट्रिस्ट सरांकडे नेलं, त्यांनी एक नजर टाकली, टीएसएच ही थायरॉईडची रक्ताची टेस्ट लिहून दिली. थायरॉईड पार बसलेलं होतं. सर मला काही बोलले नाहीत, फक्त रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून गेले, तेवढं पुरलं. तेव्हापासून माझ्याकडे येणारा कोणीही असो, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन झालंय का हे मी पहिल्या भेटीत विचारते. आणि म्हातारी माणसं दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागली, दिवस-रात्र कळेना, तर आमच्याकडे कोणाकडेच आणू नका, आधी फिजिशियनकडे न्या, बरेचदा लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी झालेलं निघतं.

विषय निघाला म्हणून, रील बघून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा त्रास, झालेले तरुण पण आता रांगेत असतात. मी त्यांना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं आणायला सांगते. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसायला हवीत असा निकष आहे, आणि आपल्या बाईंनी पाचवीत लाल शाईने लिहिलेलं ‘हुशार आहे पण वर्गात लक्ष नसते, पेन्सिली हरवतो’ हा शेरा कुठल्याही ऑनलाइन टेस्टपेक्षा मला जास्त सांगून जातो. काहींची खरंच निघते बरं का, हसण्यावारी नेत नाही मी.

मामांच्या गोळ्यांच्या भीतीबद्दल. सवय लागणाऱ्या गोळ्या असतात, अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या जातीच्या, आणि गंमत म्हणजे लोक त्याच मेडिकलवाल्याशी ओळख काढून वर्षानुवर्षं खातात, कदाचित मामांच्या डब्यात पण सापडेल एखादी. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या अचानक तोडल्या तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून कमी करत करत सोडायच्या, लिहिणाऱ्या डॉक्टरला विचारून. आणि त्या क्रोसिनसारख्या तासाभरात काम करत नाहीत, फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात. चौथ्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणारे घर मला एक दाखवा म्हटलं तर मी शंभर दाखवीन. आयुष्यभर लागतील का हे निदान झाल्यावरच कळेल, काहींना लागतात, बहुतेक पहिल्या डिप्रेशनला लागत नाहीत.

तुमच्या भावासाठी मी आधी सायकियाट्रिस्टच म्हणेन. नोकरी सुटली, जेवण कमी, आंघोळ नाही, म्हणजे बोलून-समजावून सुरू करायची पायरी मागे गेलीय, आणि बायपोलरचा प्रश्न उभा राहिलाच आहे तर तो सोडवायला डॉक्टर लागेल. प्रायव्हेट परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे सगळीकडे सायकियाट्रीची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या लाईनीत तुम्ही उभ्या राहा आणि त्याला बाकावर बसवा, गर्दीत तो मागे फिरेल. तिथे पहिल्यांदा शिकाऊ रेसिडेंट डॉक्टर बघतो, लोकांना वाटतं आपल्याला पोराटोराकडे ढकललं, पण तोच सगळ्यात जास्त वेळ देऊन हिस्टरी लिहितो आणि मग सिनियरला दाखवतो. टेस्ट लागल्या तर तिथूनच सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात. थेरपी नंतर सुरू होईल, तेव्हा त्याच काउन्सेलर मॅडमकडे पण जाऊ शकता त्याला त्या आवडल्या असतील तर, फक्त डॉक्टर आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं हवं.

दरम्यान तो मरणाचं काही बोलला, वस्तू वाटून टाकायला लागला, तर ओपीडीची वाट बघू नका, कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि त्याला एकटं सोडू नका. रात्री-बेरात्री बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोन तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालतो.

जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या, गणपती कधी संपला, झोप कधी बिघडली, राजीनामा कधी, जेवण कधी कमी झालं. जुने रक्ताचे रिपोर्ट असतील ते. चालू असलेली प्रत्येक गोळी, सर्दीची आणि जिमची पावडर धरून. आणि ती ‘बायपोलर’ची चिठ्ठी फाडू नका, ती पण सोबत न्या, त्या मॅडमना काय दिसलं ते डॉक्टरांना कळू दे. फक्त तोपर्यंत तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला असेल तर आज डिलीट करा.